तीनशे वर्षांची उधारी

दिवाळी जवळ आली, की घरोघरी दोन कामे हटकून निघतात. एक साफसफाईचे आणि दुसरे हिशेबाचे. माळ्यावरच्या ट्रंका खाली उतरतात, जुने डबे-बाटल्या रद्दीवाल्याकडे जातात. आणि लक्ष्मीपूजनाला व्यापारी मंडळी नव्या वहीची पूजा करतात. जुन्या वहीतली येणी-देणी पुढे ओढून घेतल्याखेरीज ती नवी वही काही सुरू होत नाही. साफसफाई आणि उधारी या दोन्ही गोष्टी जिथे एकत्र येतात, असा एक विषय आज वाचकांपुढे ठेवायचा आहे. विषय आहे अणुभट्ट्यांतून निघणाऱ्या टाकाऊ द्रव्याचा, आणि प्रश्न मात्र अगदी घरगुती आहे. हा केर काढायला एकंदर खर्च किती येईल, आणि तो द्यायचा कोणी?

मराठी शिकवणाऱ्या बाईने ही उठाठेव कशाला करावी, असे कोणी विचारील. त्याचे पहिले उत्तर भूगोलात आहे. आम्ही नवी मुंबईकर खाडीच्या या काठाला राहतो. त्या काठाला ट्रॉम्बेचा डोंगर आहे आणि त्याच्या पायथ्याशी भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. ट्रॉम्बेचे अणुऊर्जा प्रतिष्ठान १९५४ साली सुरू झाले. 'अप्सरा' ही तिथली पहिली भट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी पेटली. 'सायरस' १९६० साली आणि 'ध्रुव' १९८५ साली चालू झाली. डॉ. होमी भाभांचे १९६६ च्या जानेवारीत विमान अपघातात निधन झाले, आणि पुढच्या वर्षी केंद्राला त्यांचे नाव मिळाले. आमच्या शहराची आखणी करणारी सिडको मात्र १९७० सालची. म्हणजे ट्रॉम्बे आधीचे आणि आम्ही नंतरचे. शेजार आम्ही होऊन पत्करलेला आहे.

शिवाय हा शेजारी उपकारीही आहे. वाशीला किरणोत्सर्ग आणि समस्थानिक तंत्रज्ञान मंडळाचे संकुल आहे. तिथल्या प्रकल्पात २००० सालापासून मसाल्यांवर कोबाल्टचे किरण सोडून त्यांतली कीड आणि जंतू मारतात. घाऊक मसाला बाजार जवळच आहे. तेव्हा हळद-मिरचीला फार लांब जावे लागत नाही. ट्रॉम्बेच्या टाकाऊ द्रव्यातून वेगळे काढलेले सीझियम काचेच्या कांड्यांत भरून रक्तपेढ्यांना पुरवले जाते. रुग्णाला रक्त देण्याआधी त्याच्यावर किरण टाकण्यासाठी ते लागते. तेव्हा अणूचे नाव काढताच नाक मुरडावे, असा हा लेख नव्हे. ज्याच्याकडून लाभ घेतला त्याचे देणेही मोजून ठेवावे, एवढाच त्याचा रोख आहे.

केर तीन जातींचा

आमच्या इमारतीत ट्रॉम्बेहून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांच्यापुढे मी हा विषय काढला, तेव्हा ते म्हणाले, "अहो बाई, सगळा केर एका सुपात घेऊ नका. तुमच्या घरात ओला-सुका वेगळा करता ना? तसंच आहे हे."

त्यांनी सांगितले ते थोडक्यात असे. पहिली जात सौम्य केराची: हातमोजे, अंगरखे, पुसायची फडकी, गाळण्या. हा केर आकाराने सर्वांत मोठा आणि तापाने सर्वांत कमी. तो दाबून, जाळून आटवतात आणि जमिनीत बांधलेल्या काँक्रीटच्या चरांत ठेवतात. दुसरी जात मध्यम. तिसरी जात जहाल. भट्टीत जळून झालेले इंधन आम्लात विरघळवून त्यातले युरेनियम आणि प्लुटोनियम काढून घेतले, की जे पाणी उरते ते हे. आकाराने अगदी थोडे. पण सगळा जोर त्यातच. हे पाणी आटवून काचेच्या मिश्रणात मिसळतात, सुमारे हजार अंश उष्णतेला वितळवतात आणि पोलादी डब्यांत ओततात. थंड झाले, की ती चक्क काच होते. तारापूर, ट्रॉम्बे आणि कल्पक्कम या तिन्ही ठिकाणी अशी काच तयार करण्याची सोय आहे. काचेचे डबे हवेच्या नैसर्गिक झोताने थंड राहणाऱ्या तळघरांत जपतात. तसे एक तळघर तारापूरला आहे.

"मग झालं की! काच केली, डब्यात घातली," मी म्हटले.

काका हसले. "डब्यात घातली, पण डबा कोणी सांभाळायचा?"

हा सांभाळ किती दिवसांचा, हे समजण्यासाठी 'अर्धायुष्य' हा शब्द लक्षात ठेवावा लागतो. सीझियम-१३७ चे अर्धायुष्य सुमारे ३० वर्षे. डब्यात १०० चकल्या आहेत आणि दर ३० वर्षांनी त्यांतल्या निम्म्या आपोआप नाहीशा होतात, असे समजा. ३० वर्षांनी ५०, ६० वर्षांनी २५, आणि असे करत ३०० वर्षांनी एका चकलीचा जेमतेम दहावा तुकडा. म्हणून सीझियम आणि त्याचा भाऊ स्ट्रॉन्शियम यांच्यासाठी ३०० वर्षांची राखण धरतात. प्लुटोनियम-२३९ चे अर्धायुष्य मात्र सुमारे २४,००० वर्षांचे. आपल्याकडे ते बहुतांशी वेगळे काढून पुन्हा इंधनासाठी वापरायचे धोरण आहे, तरी थोडा अंश मागे उरतोच. त्याच्या जोडीला आणखीही काही दीर्घायुषी मंडळी असतात.

पण आपण तूर्त तीनशे वर्षांपुरतेच बोलू. आजपासून जवळजवळ तीनशे वर्षे मागे गेलो, तर पुण्यात शनिवारवाड्याचा पाया घातला जात आहे. तो काळ १७३० चा. तेव्हापासून आजवर पेशवाई गेली, कंपनी सरकार आले आणि गेले, राणीचे राज्य आले आणि गेले, आणि स्वातंत्र्य आले. चार राज्यव्यवस्था झाल्या. पेशव्यांनी एखादा डबा राखायला दिला असता, तर तो या चार हातांतून सुखरूप आपल्यापर्यंत आला असता का? खर्चाचा अंदाज बांधताना मनात ठेवायचा प्रश्न हा आहे.

अंदाजपत्रक कसे करतात

घराची डागडुजी काढली, की आपण कंत्राटदाराला बोलावतो. तो भिंती ठोकून पाहतो, कुठे किती काम आहे ते लिहितो, सामान आणि मजुरी यांचे दर लावतो, दिवस मोजतो आणि शेवटी 'अडीनडीचे' म्हणून आणखी काही टक्के धरतो. अणुकेराचे अंदाजपत्रक याच पायऱ्यांनी होते. साध्या कचऱ्याचे तर ते सहज होते. देवनारच्या कचराभूमीवर साठलेला सुमारे १८५ लाख टन कचरा उपसण्यासाठी मुंबई महापालिकेने २०२५ साली २,३०० कोटींहून अधिक रुपयांची निविदा काढली. टनामागे साधारण तेराशे रुपये. हा आकडा चुकला तरी किती चुकेल? दीडपट, फार तर दुप्पट. आमच्या कोपरखैरण्याला तर जुन्या कचराभूमीवर निसर्ग उद्यान झाले आहे आणि लोक तिथे सकाळी फिरायला जातात.

अणुकेराच्या बाबतीत मात्र या पायऱ्यांपैकी तीन ठिसूळ असतात. पहिली मोजणीची. जिथे माणसाने आत डोकावूच नये, तिथे माल किती आणि कोणत्या अवस्थेत आहे हे मोजायचे कसे? दुसरी 'साफ' या शब्दाची. साफ म्हणजे तिथे कुंपण घालून पहारा ठेवण्याइतके, की मुलांना खेळायला सोडण्याइतके? या दोन उत्तरांत खर्चाचा अनेक पटींचा फरक पडतो. तिसरी काळाची. तिच्याकडे मी पुढे येते.

साहेबाच्या घरचे बिल

या विषयात सर्वांत जुना आणि उघड हिशेब इंग्लंडचा आहे. 'अप्सरे'चे पहिले इंधन त्याच देशातून आले होते. तेव्हा तिथली गोष्ट आपल्याला अगदीच परकी नाही. इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर सेलाफिल्ड नावाचे ठिकाण आहे. दुसरे महायुद्ध संपल्यावर तिथे घाईघाईने बाँबसाठी प्लुटोनियम करायला सुरुवात झाली, आणि १९५६ साली त्याच आवारातल्या काल्डर हॉल येथे राणीच्या हस्ते वीज केंद्राचे उद्घाटन झाले. जळलेल्या इंधनावरची धातूची सालपटे काढून ती पाण्याने भरलेल्या प्रचंड काँक्रीटच्या कणग्यांत टाकत असत. टाकायची सोय उत्तम होती. ती पुढे काढायची कशी, याचा नकाशा मात्र तेव्हा कोणी काढला नव्हता.

आज त्यांतल्या एका जुन्या कणगीला गळती आहे. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये दिलेल्या अहवालाप्रमाणे तिच्यातून रोज सुमारे २,१०० लिटर दूषित पाणी जमिनीत मुरते. त्याच अहवालात सेलाफिल्ड साफ करण्याचा एकूण खर्च १३,६०० कोटी पौंड दिला आहे. आपल्या रुपयांत तो पंधरा लाख कोटींच्या आसपास जातो. काम संपायचे साल २१२५. हा आकडा २०१९ च्या अंदाजापेक्षा जवळजवळ १९ टक्क्यांनी फुगलेला आहे. म्हणजे पाच वर्षे काम केल्यावर उरलेले देणे कमी झाले नाही, उलट वाढले.

ब्रिटिशांचे एक मात्र मानले पाहिजे. ते आपले अज्ञानही लिहून ठेवतात. २०१९ साली त्यांनी देशातल्या सगळ्या जुन्या अणुस्थळांच्या सफाईचा अंदाज १२,४०० कोटी पौंड सांगितला आणि तिथेच पुढे लिहिले, की खरा खर्च ९,९०० कोटींपासून २३,२०० कोटींपर्यंत कुठेही असू शकेल. अमेरिकेत हॅनफर्ड येथे जमिनीखालच्या १७७ टाक्यांत सुमारे साडेपाच कोटी गॅलन जहाल केर आहे. तिथल्या सफाईचा २०१९ चा अंदाज होता ३२,३०० कोटी ते ६७,७०० कोटी डॉलर. दोन टोकांत दुपटीहून अधिक अंतर. घराच्या डागडुजीला असे अंदाजपत्रक कोणी दिले, तर आपण त्याला चहासुद्धा विचारणार नाही. पण हे अडाणीपणाने केलेले अंदाज नव्हेत. जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणणे, हाच त्यातला प्रामाणिकपणा आहे.

जपानचे उदाहरण याहून बोलके आहे. फुकुशिमाला २०११ साली अपघात झाला. २०१३ साली एकूण खर्चाचा सरकारी अंदाज ११ लाख कोटी येन होता. २०१६ साली तो साडेएकवीस लाख कोटी येन झाला. तिथल्या तीन भट्ट्यांत वितळून थिजलेला माल सुमारे ८८० टन आहे. २०२४ च्या नोव्हेंबरात दूरनियंत्रित यंत्राने त्यातला पहिला तुकडा बाहेर काढला. त्याचे वजन एक ग्रॅमही भरले नाही.

उलटी चक्रवाढ

आता काळाच्या पायरीकडे येऊ. आमच्या महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवणारे एक सहकारी आहेत. त्यांना मी विचारले, "सर, शंभर वर्षांनंतरचा खर्च आजच्या वहीत लिहितात तरी कसा?"

"सोपं आहे, मॅडम," ते म्हणाले. "समजा, शंभर वर्षांनी शंभर कोटी रुपये लागणार आहेत. ते सगळे आज बाजूला काढायची गरज नाही. आज थोडे ठेवायचे, व्याजाने ते वाढतात. चक्रवाढ व्याज उलटं चालवायचं, की झालं!"

घरी येऊन मी तो हिशेब मांडला. महागाई वजा जाता व्याज ३ टक्के धरले, तर शंभर वर्षांनंतरच्या शंभर कोटींसाठी आज सुमारे ५ कोटी २० लाख रुपये ठेवावे लागतात. ५ टक्के धरले, तर ७६ लाख पुरतात. ७ टक्के धरले, तर केवळ साडेअकरा लाख. काम तेच, केर तोच, वर्षे तीच. फक्त व्याजाचा दर बदलला.

मग मी तीनशे वर्षांचा हिशेब केला. ३ टक्क्यांनी आज सुमारे १ लाख ४१ हजार रुपये ठेवले, की भागते. ५ टक्क्यांनी ४४० रुपये. आणि ७ टक्क्यांनी? फक्त दीड रुपया! तीनशे वर्षांनंतरच्या माणसांवर पडणारा शंभर कोटींचा बोजा आजच्या वहीत दीड रुपयाचा दिसतो. कटिंग चहादेखील त्यात येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी तो कागद सरांपुढे ठेवला. ते जरा वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "गणित बरोबर आहे. पण तीनशे वर्षं अखंड सात टक्के देणारी पेढी दाखवा, म्हणजे मी तो दीड रुपया आजच भरतो."

सगळे मर्म या उत्तरात आहे. पंधरा-वीस वर्षांच्या व्यवहाराला, कारखान्याला, घराच्या कर्जाला ही रीत अगदी योग्य आहे. पण शतकांच्या हिशेबात तिने पुढच्या पिढ्यांचे दुखणे शून्याच्या जवळ नेऊन ठेवले जाते. ब्रिटनच्या वार्षिक हिशेबांत सरकारने व्याजाचा आकडा किंचित हलवला, की अणुकेराचे देणे हजारो कोटी पौंडांनी खाली-वर होते. तिथल्या कणगीतला चिखल मात्र जिथल्या तिथेच असतो. म्हणून कोणी खर्चाचा एखादा आकडा सांगितला, की समंजस वाचकाने लगेच दोन प्रश्न विचारावेत: किती वर्षांचा, आणि किती टक्क्यांनी?

दोन पैसे

आता आपल्या घरी येऊ. सहकारी गृहनिर्माण संस्थेत राहणाऱ्या प्रत्येकाला 'सिंकिंग फंड' ठाऊक असतो. इमारत एक दिवस जुनी होणार म्हणून बांधकामाच्या खर्चाच्या पाव टक्का रक्कम दरवर्षी त्यात टाकावी, असे आदर्श उपविधी सांगतात. सभेत सर्वांत जास्त भांडणे होतात ती या रकमेवरून, आणि सर्वांत जास्त पश्चात्ताप होतो तोही ती कमी भरल्याचा. वाशीतल्या कित्येक जुन्या इमारती चाळिशीच्या आत-बाहेर पाडून नव्याने बांधायला निघाल्या. तेव्हा वही उघडल्यावर अनेक संस्थांना हा अनुभव आला.

अणुवीज केंद्राचाही असा एक सिंकिंग फंड असतो. केंद्राचे आयुष्य संपले, की ते मोडून जागा साफ करायची. त्यासाठी आपल्याकडे विजेच्या दरात युनिटमागे २ पैसे धरण्यात आले. दर मागच्या शतकात ठरलेला. १,००० मेगावॉटचे केंद्र वर्षभर ८० टक्के क्षमतेने चालले, तर सुमारे ७०० कोटी युनिट वीज होते. त्याचे २ पैशांप्रमाणे वर्षाला १४ कोटी रुपये, आणि चाळीस वर्षांचे, व्याज सोडून, ५६० कोटी. हे पुरतील का? त्याचे उत्तर देण्यासाठी आधी मोडणीचा आराखडा हवा. भारताच्या महालेखापरीक्षकांनी २०१२ साली अणुऊर्जा नियामक मंडळाच्या कामाचा अहवाल संसदेला दिला. देशातल्या एकाही अणुवीज केंद्राकडे मंडळाने मंजूर केलेला मोडणीचा आराखडा नाही, असे त्यात लिहिले होते. मोडणीसाठी पुरेसा निधी साठतो आहे की नाही, हे पाहण्याचे कामही मंडळाकडे नव्हते. थोडक्यात, वर्गणी चालू होती. पण कशाचा खर्च आणि किती, ते ठरायचे होते.

हे दूरचे प्रकरण नव्हे. आपल्याच राज्यात तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ पासूनच्या आहेत. ट्रॉम्बेची 'सायरस' ५० वर्षे चालून ३१ डिसेंबर २०१० रोजी कायमची बंद झाली. 'अप्सरा' २००९ साली थांबवून तिच्याच जागी नवी 'अप्सरा' उभी केली. ती २०१८ साली चालू झाली. म्हणजे आपल्या लोकांना हे काम येत नाही असे मुळीच नाही. छोट्या भट्टीवर त्यांनी ते करून दाखवले आहे. मोठ्या कामांचे अंदाजपत्रक तेवढे लोकांसमोर यायला हवे. त्यात २०२५ च्या डिसेंबरात संसदेने अणुवीज निर्मितीचे दार खासगी कंपन्यांना उघडणारा कायदा मंजूर केला. कंपनीचे आयुष्य चांगले निघाले तर शंभर वर्षे. काचेच्या डब्याची राखण तीनशेंची. मधली दोनशे वर्षे कोणाच्या खात्यावर मांडायची, हे पहिला डबा भरण्याआधी लिहून घेतलेले बरे.

इतर देशांनी निरनिराळे मार्ग काढले. जर्मनीने २०१७ साली वीज कंपन्यांकडून २,४१० कोटी युरो एकरकमी घेतले आणि केराची जबाबदारी सरकारकडे घेतली. आता खर्च वाढला तर तो करदात्याच्या माथी. अमेरिकेने युनिटमागे सेंटचा दहावा भाग १९८३ पासून गोळा केला. निधी ४,००० कोटी डॉलरांच्या वर गेला, पण केर पुरायची जागाच ठरेना. म्हणून २०१४ साली ती वसुली थांबवावी लागली. फिनलंडने पैसाही साठवला आणि जागाही शोधली. ओल्किलुओटो बेटावर ४०० मीटरहून खोल, जुन्या कातळात त्यांनी बोगदे खणले आणि २०२४ साली तिथे रिकाम्या डब्यांची रंगीत तालीम सुरू केली. आपल्याकडे १९८० च्या दशकात कोलारच्या सोन्याच्या खाणीत खोलवर कातळ तापवून पाहण्याचे प्रयोग झाले. कायमचे भांडार मात्र अजून बांधलेले नाही.

विसरण्याची किंमत

आता या विषयात मला मराठीची बाई म्हणून का बोलावेसे वाटते, ते दुसरे कारण सांगते. पैशाच्या सगळ्या हिशेबांत एक रकाना हमखास राहून जातो. तो आठवणीचा.

१९८७ साली ब्राझीलमधल्या गोयानिया गावी एका बंद पडलेल्या दवाखान्यात कर्करोगावरच्या उपचाराचे यंत्र तसेच पडून राहिले होते. भंगारवाल्यांनी ते फोडले. आत सीझियमची पूड होती, वजनाने ९३ ग्रॅम, म्हणजे आपले आठ तोळे. अंधारात ती निळसर चमकते म्हणून लोकांनी ती हौसेने घरोघरी नेली. चार माणसे दगावली, लाखावर लोकांची तपासणी करावी लागली, घरे पाडावी लागली, आणि जो दूषित केर जमला तो ३,५०० घनमीटर भरला. आमच्याकडे उन्हाळ्यात येणाऱ्या दहा हजार लिटरच्या टँकरने मोजले, तर साडेतीनशे टँकर. मूळ माल आठ तोळे! आपल्याकडेही २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात असेच घडले. एका विद्यापीठात १९८५ पासून न वापरलेले कोबाल्टचे यंत्र लिलावात गेले, आणि एका कामगाराचा जीव गेला. तिथे अडगळीत काय आहे, याची आठवण पंचवीस वर्षेही टिकली नाही.

मग तीनशे वर्षे आठवण टिकवायची कशी? ट्रॉम्बेसमोर खाडीच्या तोंडाशी घारापुरीचे बेट आहे. तिथली लेणी सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीची. ती कोणत्या राजाने कोरवली, यावर विद्वानांचे आजही एकमत नाही. तिथे एक शिलालेख होता. पोर्तुगीजांनी तो काढून आपल्या राजाकडे पाठवला. तो कोणाला वाचता आला नाही आणि पुढे नाहीसा झाला. अलिबागजवळच्या आक्षी गावचा शिलालेख शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ चा मानतात. मराठीतला तो अतिशय जुना लेख. पण आज तो माझ्या एम. ए. च्या विद्यार्थ्यांपुढे ठेवला, तर शिकवल्याशिवाय दोन ओळीही लागत नाहीत. शिलाहारांच्या काळात दानपत्राच्या दगडावर वर चंद्र-सूर्य कोरीत आणि खाली गाढवाचे चित्र काढून दान मोडणाऱ्याला अभद्र शाप देत. त्यांना गधेगाळ म्हणतात. चंद्र-सूर्य असेतो हा हुकूम चालेल, असा त्याचा अर्थ. चंद्र-सूर्य आहेत, दगडही आहेत. पण कोकणात कित्येक गधेगाळांना गावकरी देव समजून शेंदूर लावत आले. धोक्याची सूचना होती तिची पूजा झाली!

अमेरिकेत न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात अणुकेराच्या भांडारावर दहा हजार वर्षे टिकेल अशी खूण कोणती ठेवावी, हे ठरवायला गेल्या शतकाच्या अखेरीस शास्त्रज्ञांच्या जोडीला भाषा आणि मानववंश यांचे जाणकार बसवले होते. त्यांना आपल्या गधेगाळांची गोष्ट ठाऊक होती की नाही, कोण जाणे. मला तिच्यातून एवढेच दिसते, की दगड, काच आणि काँक्रीट कितीही टिकाऊ केले, तरी त्यांचा अर्थ माणसांनीच दर पिढीला नव्याने सांगावा लागतो. आणि त्या सांगण्याला माणसे, पगार, दफ्तर आणि शाळा लागतात. हा खर्च जमेस न धरता काढलेला कोणताही आकडा अपुराच म्हणायचा.

काकांना मी शेवटी विचारले, "मग खरा आकडा किती धरायचा?"

ते म्हणाले, "आकडा एकदा काढून कपाटात ठेवायचा नसतो, बाई. आम्ही तिथं रोज मीटर वाचायचो. तसाच तोही वाचत राहायचा."

हे मला पटले. अणुवीज हवी की नको, यावर भल्याभल्यांचे मतभेद आहेत आणि ते राहतील. पण आतापर्यंत जो केर झाला आहे, तो दोन्ही पक्षांना सारखाच सांभाळायचा आहे. तेव्हा मागणी साधी करावी. कुठे किती केर आहे, तो किती वर्षे सांभाळायचा आहे, व्याज सोडून खर्च किती आणि व्याज धरून किती, अडीनडीची रक्कम किती धरली, आणि निधीत आज शिल्लक काय, असा ताळेबंद दर पाच वर्षांनी छापून लोकांसमोर ठेवावा. तारापूरच्या आणि ट्रॉम्बेच्या शेजाऱ्यांसाठी तो मराठीतही असावा. दोन पैशांचे चार करावे लागले, तर तेही कारण सांगून करावेत. विजेच्या बिलात ते जाणवणारही नाहीत. सोसायटीच्या सभेत सिंकिंग फंडाचा हिशेब आपण खडसावून मागतो. खाडीपलीकडचा हा फंडही आपलाच आहे, आणि त्याच्या सभेला ज्यांना हजर राहता येत नाही ते सभासद अजून जन्माला यायचे आहेत. त्यांच्या वतीने तेवढा हिशेब मागणे आपल्याच्याने होण्यासारखे आहे.